खुळखुळ्यावरून एक फेरी

डेल्फिना,

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते कधी जमलं नाही, आणि तुझ्या बाबतीत त्याची गरजही नाही. तू भांडखोर होतीस, बढाईखोर होतीस आणि पत्त्यांत राजरोस लबाडी करायचीस. पण ॲरिझोनाच्या या वाळवंटात हिवाळा काढायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांच्या गाड्यांमध्ये आज सकाळी ज्या शेगड्यांवर कॉफी उकळली, त्यांतल्या निम्म्या तू जोडलेल्या आहेत. हे कुणीतरी नीट लिहायला हवं. बाकीचे नुसते नाक पुसत बसलेत, म्हणून मी लिहिते.

तू तांब्याच्या खाणीवरची पोर. बाप खाणीत, आई खाणीवरच्या भटारखान्यात. “आमच्या घरात दुधापेक्षा तांबं जास्त,” असं तू सांगायचीस, आणि ते सांगताना तुझी मान अशी ताठ व्हायची, की जणू खाण तुझ्याच मालकीची. पुढे ट्रेलरच्या वस्त्यांमध्ये गॅसच्या नळ्या जोडायचं काम धरलंस. बाईच्या हातात पाना बघून लोक हसायचे. तू म्हणायचीस, “हसू दे. हसणाऱ्याची शेगडी मी सगळ्यात शेवटी जोडायचे.” नवरा, रुबेन, गेल्यावर घर विकलंस, ती खटारा पांढरी व्हॅन घेतलीस आणि इथे आलीस. निवृत्त व्हायला आले, असं आम्हाला सांगितलंस. आठवडाभरात कुणाच्या तरी ओट्याखाली डोकं घालून आडवी झालेली दिसलीस.

तुझी पद्धत आपल्या गाड्यांच्या सगळ्या तळाला पाठ होती. इतर कारागीर जोड आवळतात, सिलिंडर उघडतात, जोडांवर साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे आले नाहीत की हात पुसून मोकळे. तू तिथे थांबायची नाहीस. आपल्या तळापासून डांबरी रस्त्यापर्यंत जो कच्चा रस्ता जातो, पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेला, दात खिळखिळे करणारा, ज्याला आपण खुळखुळा म्हणतो, त्याच्यावरून तू ती गाडी नेऊन आणायचीस. मग पुन्हा साबण. त्याआधी काडी ओढायची नाही.

“घर एका जागी उभं असतं,” तू म्हणायचीस. “गाडीतलं घर रोज भूकंपात राहतं. उभ्या गाडीतली तपासणी म्हणजे झोपलेल्या नवऱ्याची तपासणी. शांतच दिसणार!”

आणि नव्या शेगडीवरची पहिली टॉर्टिया, म्हणजे ती पातळ पोळी, जोडणाऱ्याची. हा नियमही तूच काढलास आणि कुणाला विचारलं नाहीस.

गेल्या जानेवारीची गोष्ट मला सांगायची आहे. आयोवाचे दातांचे डॉक्टर हार्लन टफ्ट नवी कोरी व्हॅन घेऊन आले होते. आतली फळीन् फळी स्वतः ठोकलेली. फक्त गॅसला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून ते काम तुझ्याकडे आलं. कामाच्या आदल्या दिवशी आपण तिघं तुझ्या गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. तुझ्या मागे चुलीवर घेवड्याचं पातेलं. तू रंगात येऊन खाणीची गोष्ट सांगत होतीस आणि मागे पातेलं करपत होतं. धूर वाऱ्याने पलीकडे जात होता, पण वास असा की माझे डोळे चुरचुरले. तुला पत्ता नाही.

“डेल्फिनाबाई,” हार्लन म्हणाले, “तुम्हाला वास येत नाही का?”

तू वळून पाहिलंस आणि पातेलं चुलीवरून खाली ओढलंस. गोष्ट अर्धवट सोडताना मी तुला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“तापानंतर गेला,” तू म्हणालीस. “दोन वर्षं झाली. मग?”

“मग? गॅसचं काम करता आणि वास येत नाही? गळलेला गॅस जड असतो, जमिनीवर साचतो. आम्ही तिथेच अंथरूण घालतो, बाई!”

त्यांचं चूक नव्हतं. मीही हेच विचारलं असतं. पण तळावर बातमी पसरायला वारा लागत नाही. संध्याकाळपर्यंत दोघा-तिघांनी ‘सहज’ म्हणून आपापल्या शेगड्या दुसऱ्या कुणाला दाखवायचं ठरवलं. तू माझ्याकडे आलीस, पायरीवर बसलीस.

“मास्तरीण,” तू म्हणालीस. (डुलुथला मी रसायनशास्त्र शिकवायचे, ते तू मला कधी विसरू दिलं नाहीस.) “यांनी काम काढून घेतलं तर मी इथे काय करू? निवडुंगाला पाणी घालू?”

“उद्या त्याची शेगडी जोड,” मी म्हटलं. “सगळ्यांसमोर.”

“जोडतेच. त्याचे दात पडेपर्यंत टिकेल अशी जोडते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा तळ हातात कॉफीचे मग घेऊन हार्लनच्या गाडीभोवती जमला. तू नळी कापलीस, नट चढवला, नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवलंस, शेगडीच्या जोडावर बसवलंस आणि आवळलंस. दातओठ खाऊन आवळलंस. सिलिंडर उघडून साबण लावला. बुडबुडा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार्लननी काडेपेटी काढली.

“ठेवा ती आत,” तू म्हणालीस. “चावी द्या.”

“अहो, झालं की! सगळ्यांनी पाहिलं.”

“सगळ्यांनी झोपलेला नवरा पाहिला. चावी.”

सिलिंडर बंद करून तू खुळखुळ्यावरून फेरी मारून आलीस. पुन्हा सिलिंडर उघडलास, पुन्हा साबण लावलास. आम्ही वाकून पाहत होतो. शेगडीखालच्या जोडावर आधी काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा. फुगला. फुटला. त्याच जागी दुसरा.

 तुझाच जोड. सगळ्या तळासमोर. मला वाटलं, संपलं.

तू उठून उभी राहिलीस आणि अशी हसलीस, जणू लॉटरी लागली.

“बघा! बघितलंत? गळतोय! माझा जोड गळतोय! डॉक्टर, इकडे या. सिलिंडर अजून उघडा आहे. नाक लावा इथे.”

हार्लन बिचारे गुडघ्यांवर बसले, नाक लावलं. “नाही... मला काहीच येत नाही.”

“तुमचं नाक चांगलं आहे ना?”

“तसं... आहे.”

“मग? एवढ्याशा गळतीला चांगलं नाकही उपयोगाचं नाही. मी नाकावर कधीच भरवसा ठेवला नाही. होतं तेव्हाही नाही.” मग तू सिलिंडर बंद केलास आणि आवाज खाली आणून म्हणालीस, “काल तुमचा राग आला होता. रागाने जास्त आवळलं, तोंडाला चीर गेली. उभ्या गाडीत ती गप्प राहिली, खुळखुळ्यावर बोलली. चूक माझी. आणि धरलीही मीच.”

डेल्फिना, मी सगळं आयुष्य शाळेत काढलं. आपली चूक चार लोकांत सापडल्यावर मान वर करणारी माणसं मी बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. तू तर ती चूक बक्षीस मिळाल्यासारखी वर धरून दाखवलीस.

चिरलेलं तोंड कापून तू नवं फुलवलंस, हलक्या हाताने आवळलंस, नळीला फळीशी आणखी एक पकड दिलीस. पुन्हा खुळखुळा. या खेपेला हार्लन शेजारी बसून गेले आणि पांढरेफटक होऊन परतले. साबण लावला. शांत. तू शेगडीखालचं, गाडीच्या बुडातलं भोक उघडं आहे ना, ते बोट घालून पाहिलंस. उंदरांच्या भीतीने लोक ते बुजवतात आणि गळलेल्या गॅसची वाटच बंद करतात, हे तुझं आवडतं रडगाणं. मग काडी. निळी, सरळ ज्योत.

हार्लननी पहिली टॉर्टिया स्वतः भाजली. एका अंगाला कच्ची, दुसऱ्या अंगाला कोळसा. तुला दिली.

“करपली का हो?” त्यांनी विचारलं.

“मला काय कळणार? मला वास येत नाही!” तू म्हणालीस आणि सगळीच्या सगळी खाल्लीस. हसून हसून लोकांची कॉफी सांडली. ज्यांनी आपल्या शेगड्या दुसऱ्यांना दाखवायचं ठरवलं होतं, ते दुपारी तुझ्या दारात रांगेत उभे होते. त्यांना सगळ्यात शेवटी घेतलंस, ते मी पाहिलं.

ऑगस्टमध्ये टूसॉनला लेकीच्या घरी झोपेतच गेलीस. तुझ्या लेकीने फोनवर सांगितलं की शेवटपर्यंत तू तिच्या विजेच्या शेगडीला नावं ठेवत होतीस. ऐकून मला बरं वाटलं.

एक मात्र राहिलं. त्या टॉर्टियाच्या दिवशी तू हळूच मला म्हणाली होतीस, “मास्तरीण, कामाला नाक लागत नाही, ते खरं. पण कॉफीचा वास एकदा तरी यावा गं.” देशाच्या सीमेपलीकडे, जिथे आपण सगळे स्वस्तात चष्मे करायला जातो, तिथे नाकाचा एक चांगला डॉक्टर आहे असं मी ऐकलं होतं. गुरुवारी जायचं ठरलं. गुरुवारी वादळ आलं. पुढच्या गुरुवारी आपण निघालोही, पण पेट्रोलपंपावर एका जोडप्याच्या गाडीखालचं भोक बुजवलेलं तुला दिसलं आणि तू खाली उतरलीस. पाना मागितलास. मी गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले. तू हात हलवून म्हणालीस, “पुढच्या गुरुवारी!”