पांझरेकाठचं भरीत

धुळ्याला एस.टी.तून उतरलो, ते मनात संशय घेऊनच.

धाकटा भाऊ वसंता एकाहत्तरच्या लढाईहून परतला, तेव्हापासून त्याला ना झोप, ना जेवण. ताटाचा आधी वास घ्यायचा, मग ते सरकवायचा. वर्षभरात निम्मा झाला होता. पलटणीतल्या मित्राने लिहिलं, "आठवडाभर माझ्या आईकडे न्या. ती जेवू घालील." पुण्याच्या डॉक्टरांपुढे ही खेड्यातली बाई काय दिवे लावणार? अफूबिफू घालत असणार, अशी माझी, शाळामास्तराची, खात्रीच होती.

देवपूर मागे टाकून टांगा पांझरा नदीकाठच्या मळ्यात पोचला. मित्राची आई, अक्का, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. काड्या तडतडल्या आणि वसंता एकदम जमिनीवर आडवा झाला. मी अक्कांवर चिडलो. अक्कांनी मात्र काड्यांचा भारा त्याच्यापुढे ठेवला.

"आते तूच टाक, भाऊ. मंग माहीत ऱ्हाई, कवय वाजी." (आता तूच टाक. मग कधी वाजेल ते कळेल.)

मळ्यातल्या भरताला खाणाऱ्यांनीच हात लावायचा, ही इकडची रीत. वसंताने वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत (खोलगट भांड्यात) ठेचली. मी प्रत्येक भांड्यात डोकावत होतो. अफू शोधायला म्हणून ठेचा चाखला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"मास्तर, काय दखी ऱ्हायनात? बठ्ठं तुमना डोयासमोर शे," अक्का हसल्या. (काय बघताय? सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे.)

वसंता कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) दोन भाकरी जेवला आणि निंबाखाली चक्क झोपला. नक्कीच काहीतरी घातलंय! पण तेच खाऊन मी टक्क जागा होतो.

चौथ्या दिवशी न राहवून विचारलं, "इथलं अन्न कसं जातं रे तुला?"

"इथे दिसतं, कोण काय घालतंय ते." तो माझ्याकडे बघत राहिला. "घरचं दूध कडू लागायचं, दादा."

झोपेच्या गोळ्या कुटून दुधात मीच घालत होतो. त्याच्या नकळत, त्याच्या भल्यासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एस.टी.त खिशातली गोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. "डॉक्टरांशी बोलून तूच ठरव," म्हणालो. त्याने पुडी खिशात टाकली.

पुण्यात पहिल्याच संध्याकाळी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. वांगं त्याने भाजलं, भाकरी मी थापल्या. वाकड्याच झाल्या. ताट वाढलं, तर त्याने वास घेतला आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"आधी तू खा, दादा."

मी खाल्लं.