पांढऱ्या खोलीबाहेर

"ताई, तुम्ही जरा बाहेरच थांबता का?"

हे मला. माझ्याच कारखान्यात. माझ्याच पांढऱ्या खोलीच्या दाराशी. बोलणारी बाई म्हणजे पुण्याच्या कंपनीच्या साहेबांची बायको. हातात ताट, ताटात हळद, कुंकू, नारळ, अगरबत्तीचा पुडा.

"आम्ही तसं काही मानत नाही हं," त्या म्हणाल्या. "पण पहिलाच माल आहे. रॉकेटचं काम. उगाच कशाला."

उगाच कशाला. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दोन शब्दांत बाईंनी त्याला पुन्हा एकदा खांद्यावर घेतला आणि माझ्या दारातून नेला.

आणि मी? आमच्या खानदानात माझ्याइतकी तोंडाळ बाई झाली नसेल. घरातल्या कुठल्याही लग्नाच्या आदल्या दिवशी मी गोष्टी सांगायला बसले की आचारी भाजी करपवतात, अशी माझी कीर्ती. त्या दिवशी त्या तोंडातून निघालं काय? "हो हो, थांबते की. वाईट काय त्यात." वर हसले. हसून झाल्यावर बाईसाहेबांची पर्स धरली. त्यांनी धरा म्हटलं नव्हतं. मीच हात पुढे केला.

एकच गोष्ट धीर करून बोलले. "बाईसाहेब, आत कुंकू चालत न्हाई. पावडरसुद्धा चालत न्हाई."

साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, "ताई, मोठमोठे शास्त्रज्ञ नारळ फोडतात. तुम्ही आम्हाला शिकवू नका."

दार लागलं. दाराला काच होती. काचेच्या अलीकडे मी, बगलेत परक्या बाईची पर्स.

आता ही पांढरी खोली काय, ते सांगते. नाहीतर माझ्या भाच्यांसारखं तुम्हालाही वाटेल की मी नांदेडच्या एमआयडीसीतून रॉकेट उडवत होते. उपग्रहाचे भाग एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतात, तपासतात, ठेवतात. तेव्हा त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून खास कापडाच्या खोळी घालाव्या लागतात. ते काम करणाऱ्या माणसांना अंगरखे लागतात, टोप्या लागतात. भाग हलवायला ट्रॉल्या लागतात. अंतराळ खात्याच्या एका केंद्राचा असा सगळा ठेका पुण्याच्या या कंपनीनं घेतला होता. घ्यायचा त्यांनी, करायचं आम्ही. पोटठेका म्हणतात त्याला. पोट त्यांचं.

नवऱ्याच्या मागं मी त्याचं शिलाईचं दुकान चालवलं, वाढवलं, दवाखान्याचे गाऊन शिवले, आणि शेवटी या खोळी मिळाल्या. घरात सगळे म्हणायचे, आत्या उपग्रहाला झबली शिवून राहिली. मीही तेच सांगत फिरायचे. खरं सांगायचं तर छाती दोन इंच फुगली होती, आणि ती आधीच काही कमी नव्हती.

खोळी शिवायला गाळलेल्या हवेची खोली लागते. ती आमची पांढरी खोली. आत जाताना अंगावर काही नको. बांगडी नको, फूल नको, काजळ नको, टिकली नको, कुंकू तर नकोच. कुंकवाचा एक कण सुटला आणि कापडाला बसला, की तो उपग्रहाच्या भागापर्यंत जातो. म्हणून रोज सकाळी पोरी दाराशी रांगेनं उभ्या राहायच्या आणि मी ओल्या फडक्यानं एकेकीचं कपाळ पुसायचे. मीच. दुसऱ्या कुणावर सोडलं की एखादी भुवईत तसंच ठेवून आत शिरायची.

विचार करा. विधवा बाई. रोज सकाळी डझनभर सवाष्णींची कपाळं पुसणारी.

गल्लीत बोललं जायचंच. माझी मोठी जाऊ तर तोंडावर बोलायची. "स्वतःचं गेलं तर गेलं, आता लोकांच्या लेकीसुनांचं पुसून राहिली." एका पोरीच्या सासूनं तिला कामावरून काढून नेलं. देगलूरची नागमणी मात्र सगळ्यांत आधी कपाळ पुढे करायची. "पुसा काकू, माझा नवरा लई घट्ट हाय, पुसल्यानं जात न्हाई." सगळ्या हसायच्या. बाहेर आरसा आणि करंडा ठेवला होता. सुट्टी झाली की पोरी कुंकू लावून घरी जायच्या. त्या करंड्याला मी कधी हात लावला नाही. तो नागमणी भरायची. कुणी मला मना केलं नव्हतं. मीच मला मना केलं होतं. इतकी मी शहाणी.

तर त्या दिवशी काचेतून मी काय पाहिलं? बाईसाहेबांनी आधी मशिनींना हळदकुंकू वाहिलं. मग तयार होऊन टेबलावर मांडलेल्या खोळींना वाहिलं. पिशवीवर नाही, थेट कापडावर, चिमटीनं. साहेबांनी माझ्या कटिंग टेबलाच्या पायावर नारळ फोडला. अगरबत्ती लावली. मग बाईसाहेब पोरींकडे वळल्या. सकाळी मी पुसलेली कपाळं एकेक करून लाल होत गेली. रेहानापाशी आल्या. थबकल्या. ताट तसंच पुढच्या पोरीकडे गेलं. रेहाना भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं दार ढकलावं आणि आत जाऊन ताट उडवून द्यावं. पर्स जड होती असं समजा. मी हलले नाही.

बाहेर आल्यावर बाईसाहेबांनी पर्स घेतली, थँक्यू म्हणाल्या, आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. वरून. हाताला हात लागू न देता.

मी साहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "या खोळी आता जाऊ शकत न्हाईत. धुवाव्या लागतील, पुन्हा वाळवून पुन्हा बंद कराव्या लागतील. चार दिवस द्या."

"झटकून टाका," साहेब म्हणाले. "दिसतंय का काही?" आणि आपल्याच माणसांकडून त्यांनी खोळी पिशव्यांत घालून, सील करून, गाडीत टाकल्या. संध्याकाळच्या आत गाडी नांदेड सोडून गेली.

माल परत आला. अख्खा. केंद्रात दिव्याखाली धरल्यावर शिवणीशिवणीत लाल कण दिसले. तिथले राव म्हणून एक अधिकारी चौकशीला नांदेडला यायचे ठरले.

त्यांच्या आधी साहेबांचा फोन आला. आवाज तूप लावलेला.

"ताई, सोपं आहे. एका मुलीचं नाव सांगायचं. आत येताना पुसलं नाही, चूक झाली. तिला काढून टाका, विषय संपला. तुमचं काम चालू राहील, माझा शब्द. गावाकडच्या बायका आहेत, सर समजून घेतील."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"मग मला दुसरीकडे शिवून घ्यावं लागेल. तुम्हीच विचार करा. तुमच्याकडे त्या बायका आहेत, त्यांची घरं आहेत."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, एक नावही मनात आलं. नव्यानं आलेली पोर होती, तिचं लग्न ठरलं होतं, नाहीतरी ती जाणारच होती. जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग सांगून टाक की. एका पोरीपायी सगळ्यांच्या पोटावर पाय देणार का?" जाऊबाई आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकमतावर आलो होतो, तिथंच मला संशय यायला हवा होता.

राव सर आले. किडकिडीत माणूस, दारातच स्वतःहून बूट काढले, टोपी घातली. सगळे पांढऱ्या खोलीत उभे. पोरी भिंतीशी. साहेब सरांच्या शेजारी. सरांनी पिशवीतली खोळ उलगडली, शिवणीतला लाल ठिपका दाखवला आणि मला विचारलं, "अम्मा, ये किसका है?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब बोलले. हसत, इंग्रजी मिसळत, शेवटी आम्हाला कळावं म्हणून मराठीत. "या मुलींचंच आहे, सर. काय करणार, क्लीन रूम यांना काय कळते? कपाळ धुतलं तरी डोकं तेच."

कपाळ धुतलं तरी डोकं तेच.

मी पोरींकडे पाहिलं. त्या सगळ्या खाली बघत होत्या. ज्या माझ्या हातून रोज कपाळ पुसून घ्यायच्या, घरी सासूच्या शिव्या खायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या, त्या. आणि मनात नाव धरून उभी असलेली मी. माझ्या आत काहीतरी तडकलं. फार मोठा आवाज झाला नाही. मशिनीची सुई मोडते तेवढाच.

"सर," मी म्हटलं. माझी हिंदी म्हणजे निजामाच्या काळातली, घरात ऐकून आलेली, पण त्या दिवशी धावली. "इन के माथे रोज मैं पोंछती हूँ. इस हाथ से. मैं बेवा हूँ, सर. बेवा के हाथ से कुंकू पुछवा के ये लड़कियाँ आप का काम करती हैं. मोहल्ले में जाके पूछो मुझे क्या क्या बोलते हैं."

साहेब म्हणाले, "ताई, हा विषय नाही."

"हाच विषय हाय," मी म्हटलं, मराठीत, त्यांच्याकडे वळून. "त्या दिवशी एकच कपाळ पुसायचं राहिलं, साहेब. तुमच्या बायकोचं. कारण मी अपशकुनी म्हणून तुम्ही मला दाराबाहेर उभं केलं होतं. पुसणारी बाहेर. कुंकवाचं ताट आत."

राव सरांना मराठी किती कळली देव जाणे. ते नागमणीकडे वळले आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. नागमणीनं मान वर केली आणि देगलूरच्या तेलुगूत जे सुरू केलं ते थांबेचना. ताट, नारळ, चिमूट, सगळं हातानं करून दाखवलं. टेबलाचा पाय दाखवला. शेवटी रेहानाचा हात धरून तिला पुढे ओढलं, आणि ताट तिच्यासमोरून कसं नेलं तेही करून दाखवलं. साहेबांचा चेहरा मी बघत होते. मला चष्मा लागतो, पण त्या दिवशी मला फार स्वच्छ दिसत होतं. तो चेहरा मी आजही कधी झोप आली नाही की काढून बघते. छान झोप लागते.

यानंतर टाळ्या वाजल्या, न्याय झाला, असं सांगितलं असतं तर आमच्या घरच्या पोराटोरांना आवडलं असतं. तसं झालं नाही. राव सरांनी पाणी मागितलं, प्यायले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेले. कंपनीला म्हणे समज मिळाली. ठेका कंपनीकडेच राहिला. माझं काम गेलं. खोळी आता दुसरीकडून शिवून येतात. आम्ही किनवटकडच्या आश्रमशाळांचे गणवेश शिवायला लागलो. पांढऱ्या खोलीला कुलूप. दोन पोरी सोडून गेल्या, त्यांना मी काय तोंडानं थांबवणार? घरच्यांनी मला बंडखोर ठरवलं आणि भाची म्हणाली, "आत्या, आता तू टिकली लावायला लाग. त्यांच्या नाकावर टिच्चून."

म्हटलं, बाई, मला टिकली नकोय. मला टेंडर पाहिजे.

त्या केंद्राच्या खोळी, अंगरखे, ट्रॉल्या अशा कामांचं नवीन टेंडर निघालं. यंदा लहान कारखान्यांना चारजणांनी एकत्र येऊन भरता येतं. मी एसटीत बसून लातूरला गेले. तिथं बळीभाऊ म्हणून एक वेल्डिंगवाले आहेत, साहेबांच्या ट्रॉल्या तेच बनवतात. मी माझी गोष्ट सांगायला तोंड उघडलं तर त्यांनीच सुरू केली. "ताई, मला त्यानं बंगल्याचं गेट करायला पुण्याला बोलावलं. म्हणला, रॉकेटचं काम दिलंय, गेट काय मोठं? जेवायची वेळ झाली तर मला गॅरेजमधी बसवलं. कुत्र्याचं ताट अन् माझं ताट एकाच फरशीवर." बळीभाऊ सहा फुटी माणूस. सांगताना मान खाली.

मग आम्ही शोधत गेलो. लाकडी पेट्या करणारा, फोम कापणारा. कुणाला गॅरेज, कुणाला दार, कुणाला उन्हात ताटकळत ठेवलेलं. साहेबांनी एवढे लोक आमच्यासाठी जमवून ठेवले होते, हे त्यांचे उपकार मानायला पाहिजेत. आम्ही सगळे निघालो तर साहेबांकडे काय राहतं? काचेचं ऑफिस आणि एसी.

टेंडरआधीची बैठक हैदराबादला झाली. साहेब तिथं होतेच. मला पाहून आधी ओळखलं नाही, मग ओळखलं.

"अहो ताई, तुम्ही? हे तुमचं काम नाही हो. फार किचकट असतं. आमच्याकडून घ्या ना, आधीसारखं. झालं गेलं विसरून जाऊ."

"साहेब, मी लई विसरभोळी बाई हाय," मी म्हटलं. "चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पण हे न्हाई विसरले."

बळीभाऊ मागून म्हणाले, "आन् मी गेट खोलून न्यायला येणार हाय. सांगून ठेवतो."

टेंडर भरलंय. मिळेलच असं नाही. साहेबांचे हात लांब आहेत, आमच्यातला एखादा फुटेलही. यंदा नाही मिळालं तर पुढचं भरू, ते नाही तर त्याच्या पुढचं. लोक म्हणतात, बाई, सुडानं पोट भरत नाही. माझं भरतं. माझ्याकडे बघून कळत असेलच.

साहेबांनी उद्या हात जोडून माफी मागितली तरी मला ती नको. ती घेऊन मी ठेवू कुठं? मला त्यांच्या हातातलं काम पाहिजे. आधी खोळी, मग अंगरखे, मग ट्रॉल्या, मग सगळा ठेका. एकेक करून, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि प्रत्येक वेळी त्यांना कळलं पाहिजे, कोण घेऊन राहिलंय.