अख्खा ड्रम पवित्र झाला तो ईस्टर

लातूर जिल्हा झाला तेव्हा मला असा काही आनंद झाला, की जणू कलेक्टर कचेरी मीच माहेराहून आंदण आणली होती. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर बिलोलीकडचं, म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं. मी आईला ऐटीत कार्ड टाकलं, 'आता आम्ही जिल्ह्याच्या गावचे लोक झालो.' आईचं उलट टपाली उत्तर आलं, 'बरं झालं. नळाला पाणी येतं का ते लिही.'

पाणी येत नव्हतं. नळ नुसता सुस्कारे टाकायचा. विहिरींचा तळ दिसत होता आणि चर्चच्या मागं आमची जी आठ-दहा घरं होती, त्यांची सगळी भिस्त बुधवारी येणाऱ्या टँकरवर. तरी मला वाटायचं, जिल्हा झालाय ना, मग पाऊससुद्धा आता लाजून पडेल. वीस वर्षांची होते मी. डोकं केसांसाठी असतं एवढीच माझी समज होती.

उपवासकाळ सुरू झाला तेव्हा फादर म्हणाले, ईस्टरपर्यंत प्रत्येकानं आपल्या आवडीच्या एका गोष्टीचा त्याग करावा. कुणी चहा सोडला, कुणी विडी. मी उठून उभी राहिले आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मी रोजची आंघोळ सोडते." पत्र्याचं चर्च होतं आमचं, हसण्याचा आवाज वर जाऊन दुप्पट होऊन खाली आला. रोजची आंघोळ सगळ्यांनीच कधीची सोडली होती. पुण्य मात्र मी एकटी पदरात बांधून घेऊ पाहत होते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. चर्चमधल्या बायकांच्या त्या पुढारी. वेदीची वस्त्रं धुणं, फुलं लावणं, टँकरचं पाणी वाटणं, सगळं त्यांच्या हातात. बोलायच्या कमी, पण त्यांचं खाकरणं दहा वाक्यांचं असायचं. ईस्टरच्या त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा मला मानाचं काम दिलं. ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेत, फादर पाण्याला आशीर्वाद देतात आणि मग लोक ते बाटल्यांतून घरी नेतात. त्या पाण्याची मांडणी माझ्याकडे.

"पितळी घागर घे, पांढरं फडकं गुंडाळ, फुलाची माळ घाल," आत्याबाई म्हणाल्या. "झालं."

झालं कसं? एक घागर! जिल्ह्याच्या गावच्या ईस्टरला एक घागर! तेवढं तर आमच्या बिलोलीकडच्या खेड्यातही असतं. मी चर्चच्या दाराशी पाहिलं, तिथं आमचा मोठा लोखंडी ड्रम उभा. काठापासून वीतभर कमी, पाण्यानं भरलेला. मी माझ्या लग्नातली पांढरी चादर काढली, ड्रमला नेसवली, वर झेंडूची माळ घातली आणि चार पावलं मागं होऊन बघितलं. नवरीसारखा दिसत होता हो! माझ्यापेक्षा बरा.

मी विसरले ते एवढंच, की त्यातलं निम्मं पाणी आमचं नव्हतंच.

आमच्या शेजारी लिंगायतांचं घर होतं, मोंढ्यात त्यांची आडत. घरच्या बाईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिची लेक बाळंतपणाला आली होती आणि बुधवारी नेमका टँकर यायला आणि तिच्या पोटात कळा सुरू व्हायला एकच गाठ पडली. त्यांच्याकडून हंडा घेऊन कोण येणार? आत्याबाईंनी भिंतीवरून ओरडून सांगितलं, "अक्का, तू लेकीपाशी बस. तुझं पाणी माझ्या ड्रमात ऱ्हाईल. पाचवीला घेऊन जा." मुलगा झाला. तान्ह्याला चार दिवस ओल्या फडक्यानं पुसून काढलं. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, त्या दिवशी तरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं म्हणून अक्का त्या पाण्यावर नजर ठेवून होती. पाचवा दिवस आला तो नेमका ईस्टरचा रविवार.

सकाळी फादर मोटारसायकलवरून धुळीनं पांढरे होऊन आले. त्यांना पुढं औशाकडच्या दोन वस्त्यांवर मिस्सा करायच्या होत्या. आलेलुयाच्या गाण्यानं आम्ही पत्रे हलवले. मग फादर पाण्याकडे वळले, नवरीसारखा ड्रम बघून क्षणभर थबकले आणि हसले. पुढच्या बाकावरून आत्याबाई खाकरल्या. मला वाटलं, सून बघून गहिवरल्या. त्या पुन्हा खाकरल्या. मी मान खाली घालून नम्रपणे हसले. फादरांनी पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्ती उचलली आणि प्रार्थना म्हणत तीनदा ड्रमात बुडवली. अख्खा ड्रम पवित्र झाला.

मिस्सा संपली, फादरांनी किक मारली, ते गेले. धूळ खाली बसायच्या आत आत्याबाई माझ्यापाशी.

"काय केलंस गं हे?"

"छान दिसलं ना?"

"अक्काचं पाणी हाय त्यात! लेकराची आंघोळ हाय आज!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो इतका की घेरीच आली. पुढचा टँकर बुधवारी. दुसरं पाणी गावात मिळायचं नाही.

बायाबापड्यांचा गराडा पडला. आमच्यात एक म्हातारे मास्तर होते, मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. फादर नसले की मास्तरच फादर. ते काठी आपटून म्हणाले, "आशीर्वादाचं पाणी हाय. त्यानं बाळंतीण न्हाणार? अन् मग ते मोरीतून गटारात जाणार? जमायचं न्हाई."

एक जाऊबाई म्हणाल्या, "मग अक्काला सांगूच नका ना. पाण्याला काय तोंड हाय व्हय? देऊन टाका गुपचूप."

"सांगितलं अन् नको म्हणाली तर?" दुसरी म्हणाली. "त्यांचा धर्म येगळा. ईटाळ मानला तर लेकरू बिनन्हाण्याचं ऱ्हाईल."

आत्याबाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तिच्या पाण्याला काय झालंय ते तिला सांगायचं. न सांगता देणं म्हंजे तिला फसवणं हाय. ईस्टरच्या दिवशी शेजारणीला फसवू का मी?" आणि माझ्याकडे वळल्या. "तू नेसवलीस ना चादर? तूच जा सांगायला."

चर्चच्या दारापासून अक्काच्या ओसरीपर्यंत वीस पावलं. मी ती साठ पावलांत गेले. वाटेत चार भाषणं पाठ केली, एकाहून एक सुंदर. अक्का ओसरीवर शेगडी पेटवत होती, पाणी तापवायची तयारी. मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस? ये. पाणी आणलंस का गं?"

माझी चारही भाषणं पळाली. मी भोकाड पसरलं. रडत रडत ड्रम, चादर, झेंडू, मेणबत्ती, सगळं एका दमात ओकले.

अक्कानं चिमटा खाली ठेवला. "फादरनं पाण्यात घातलं काय?"

"काही नाही. मेणबत्ती बुडवली."

"रॉकेल लागलं का?"

"नाही हो, मेणाची असते."

"अन् म्हणले काय?"

"देवाला म्हणाले, या पाण्याला आशीर्वाद दे."

अक्कानं आतल्या दाराकडे पाहिलं. माझा जीव तिच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांत अडकलेला. आतून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून ती म्हणाली, "हे बघ. पूजेला अन् प्यायला माझं कळशीभर पाणी घरात हाय. त्यात तुमचं मिसळायची न्हाई मी. पण न्हायला चालंल. आशीर्वादच दिलाय ना, शिव्या तर न्हाई दिल्या?"

मी धावत सुटले. पदर कुठं, मी कुठं! "चालेल म्हणाली! चालेल म्हणाली!" चर्चच्या दारात सगळ्यांना आनंद झाला, फक्त मास्तर काठी आडवी धरून उभे. "तिला चालंल. पण गटाराचं काय?"

आत्याबाईंनी विचारलं, "मास्तर, वेदीची वस्त्रं धुते मी. ते पाणी कुठं टाकते?"

"झाडाच्या बुडाशी," मास्तर म्हणाले. "भुईत जायला पाहिजे, मोरीत न्हाई."

"मग अक्काच्या अंगणात झाड न्हाई का?"

झाड होतं. बेलाचं. पूजेच्या पानांसाठी अक्कानं लावलेलं, आणि त्या उन्हाळ्यात पार करपायला आलेलं. मास्तरांनी बेलाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि काठी खाली घेतली. मग स्वतःच कुदळ मागवली आणि म्हणाले, "आळं नीट करा, थेंब भाईर जाता कामा न्हाई."

त्या दिवशी जी धांदल उडाली! ईस्टरच्या नव्या साड्या खोचून आम्ही घागरी वाहिल्या. दोन खाटा उभ्या करून बेलाभोवती आडोसा केला. आधी बाळंतीण न्हाली. मग आत्याबाई पाटावर पाय लांब करून बसल्या, अक्कानं नातू त्यांच्या नडग्यांवर पालथा दिला. तेल, पीठ, चोळणं. मग त्याला उताणा केला आणि मला म्हणाल्या, "घाल पाणी. डोळ्यात जाऊ देऊ नको."

मी तांब्या भरला आणि टाळूवर धार सोडली. पोरगं किंचाळलं, आम्ही हसलो. दुसरा तांब्या घातला. तिसरा घातला आणि एकदम माझ्या लक्षात आलं. आशीर्वादाचं पाणी, लेकराचं डोकं, आणि तीन वेळा! बाप्तिस्मा असाच देतात की! शब्द म्हटल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही हे मला पाठ होतं, पण सकाळपासून माझं तोंड प्रार्थना पुटपुटत होतं, चुकून काय निसटलं असेल कोण जाणे. आडतीच्या घरातला नातू माझ्या हातून ख्रिस्ती झाला तर? मी ओठ गच्च मिटले आणि घाईघाईनं चौथा तांब्या ओतला.

"पुरे की," आत्याबाई म्हणाल्या. "चौथा कशाला?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी खाकरल्या. मग त्यांना असं हसू फुटलं, की नडग्यांवरचं बाळ गदगदा हलायला लागलं आणि रडायचं विसरून टकामका बघायला लागलं. माझ्या लग्नापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"काय झालं वं?" अक्कानं टॉवेल पसरत विचारलं.

"काही न्हाई गं," आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सुनेला तीनवर थांबायची भीती वाटायलीय."

"मग चारवर बी नको थांबू," अक्का मला म्हणाली. "पाचवी हाय आज. घाल अजून एक."

मी घातला.