आत्या आणि त्यांची ग्रीक मंडळी

देव न मानणारी माणसं मी बरीच पाहिली, पण देवांची रोज संध्याकाळी नाव घेऊन खरडपट्टी काढणारं माणूस एकच पाहिलं, ते म्हणजे माझ्या यजमानांची आत्या. इगतपुरी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या सातपूरला आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, पण आवाज फलाटाच्या मापाचाच राहिला. "कृपया लक्ष द्या, आमटीत मीठ नाही," असं त्यांनी जाहीर केलं, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून विचारायच्या, "आमच्याकडचं पाठवू का?" जेवायला कोणी उशिरा आलं, तर त्याच्या उशिराबद्दल दिलगिरीही त्याच व्यक्त करायच्या आणि मग ताट वाढायच्या.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं. दिवाळीनंतर पुन्हा बघू, नाहीतर परत दुसरीत बसवावं लागेल, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मी लगेच कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं, अक्षरांचे तक्ते आणले, सोप्या शब्दांचं पुस्तक आणलं. मुलगी 'कमळ' दिसलं की पोट दुखतं म्हणायची. आत्यांनी काही दिवस हे पाहिलं आणि एकदा म्हणाल्या, "अगं, पण पुढे काय होतं त्या कमळाचं?" मग त्यांनी ट्रंकेतून ग्रीक पुराणकथांचं एक जाडजूड मराठी पुस्तक काढलं. कोणी प्रवासी ते वेटिंग रूममध्ये विसरला होता आणि परत न्यायला आलाच नव्हता. मी म्हटलं, "आत्या, यातलं एकेक नाव म्हणजे मालगाडी आहे. तिला अजून 'घर' वाचता येत नाही." त्या म्हणाल्या, "जिला प्रॉमिथ्यूस जमेल, तिला घर कशाला अडवतंय?"

रोज संध्याकाळी त्या मुलीला शेजारी बसवून ओळींवर बोट फिरवत वाचायच्या, आणि त्यांच्या तोंडी ही ग्रीक मंडळी आमच्या नात्यातलीच झाली. झ्यूस म्हणजे घरात पाय न टिकणारे थोरले दीर, हेरा म्हणजे सोसून सोसून तिखट झालेली जाऊ, आणि पाताळाचा राजा म्हणजे कायमचा नाइट शिफ्टला. त्या राजाच्या घरचे डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून पर्सेफनीला दरवर्षी काही महिने तिथेच राहावं लागतं, ही गोष्ट सांगितल्यापासून आत्यांनी परक्या घरी डाळिंब खाणं सोडलं. शेजारच्या सत्यनारायणाला मुलीच्या हातावर डाळिंबाचे दाणे पडले, तर आत्यांनी झडपच घातली. "थांब! इथंच राहायचंय का तुला?" घरच्या बाई इतक्या गोंधळल्या, की त्यांनी विचारलं, "गादी घालू का हो?"

आत्यांची एक खोड मात्र होती. वाईट शेवट त्यांच्याने वाचला जायचा नाही. इकारस उडत उडत सूर्याजवळ गेला, पंखांचं मेण वितळलं, इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पुढे तो आमच्या जवळच्या गंगापूर धरणात पडायचा, कोळी त्याला जाळ्यात ओढून घ्यायचे, कोरडे कपडे घालायचे, चहा पाजायचे आणि बसमध्ये बसवून द्यायचे. मुलगी खूश असायची. एका संध्याकाळी तिने चित्रावर बोट ठेवलं. पाण्यावर नुसती पिसं तरंगत होती.

"आत्याआजी, कोळी कुठेत?"

"असतील गं मागे कुठेतरी. पान उलट."

तिने पान उलटलं नाही. पुस्तक आपल्या मांडीवर ओढलं आणि बोटाने एकेक अक्षर ढकलत वाचलं, "बापाने... खूप हाका... मारल्या. पण... इकारस... बुडाला होता." मी भाजी चिरता चिरता थांबले.

"तो मेला! तू खोटं सांगतेस!"

आत्यांनी पदराने डोळे पुसले. "मेला गं. म्हणून तर त्या ओळीकडे जात नव्हते मी."

मग मुलीने त्यांच्या एकेका गोड शेवटाची झडती घ्यायला सुरुवात केली. दिवाळीनंतर तिने बाईंसमोर अख्खा धडा वाचला आणि ती तिसरीतच राहिली. मी पेढे आणले. म्हटलं, "काय युक्ती केलीत, आत्या!" त्या म्हणाल्या, "कसली युक्ती? कोणी मेलेलं मला खरंच बघवत नाही."

आत्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा फलाटावरचा आवाज सगळ्यांच्या लक्षात आहे, पण मला आठवतात त्या नंतरच्या संध्याकाळी. मुलगी मनातल्या मनात वाचायला लागली होती. गॅलरीत पुस्तक घेऊन बसायची आणि आत्या शेजारी पाटावर.

"मोठ्यांदा वाच ना गं."

"मनात पटकन होतं, आत्याआजी."

मग त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. तिच्या कपाळाला जराशी आठी पडली, की हळूच विचारायच्या, "कोण गेलं गं?"

"थांब, एवढं पान होऊ दे," मुलगी मान वर न करता म्हणायची. आणि आत्या थांबायच्या.