चंद्राच्या दोन पाट्या

श्यामसुंदर आढाव यांचा रविवार दर महिन्याला घर बदलायचा. कधी तो मंगळवारी यायचा, कधी शुक्रवारी, आणि चार-सहा महिन्यांतून एखाद्या वेळी चक्क रविवारीच यायचा. तसा तो आला की त्यांच्या बायकोला, सरोजिनीबाईंना, कोण आनंद व्हायचा. एरवी घरात दोन पवित्र दिवस असत. एक सरोजिनीबाईंचा, चार लोकांसारखा, खडकीच्या ख्रिस्ती देवळातला. दुसरा आढावांचा, जो चंद्र ठरवेल तो.

याची सुरुवात एका बिनकव्हरच्या पुस्तिकेनं झाली होती. आढाव तेव्हा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. बाजारात रद्दीच्या ढिगातून त्यांनी ती उचलली आणि तिच्यातला प्रत्येक दाखला पवित्र शास्त्र उघडून पेन्सिलीनं ताडून पाहिला. सहा महिन्यांनी ते बायकोला म्हणाले, "सरोज, आपण चुकीच्या दिवशी देवळात जातोय." पुस्तिकेप्रमाणे महिना चंद्राच्या पहिल्या कोरीपासून सुरू व्हायचा, तो पहिला दिवस चंद्रदर्शनाचा, कुठल्याच आठवड्यात न धरायचा. मग सहा दिवस काम आणि आठव्या तिथीला शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. पुढे पंधरावी, बाविसावी, एकोणतिसावी. चंद्र पुन्हा दिसला की नव्यानं पहिल्यापासून. देवळाच्या पाळकसाहेबांनी दोनदा घरी येऊन समजूत घातली, दोनदा चहा घेतला आणि तिसऱ्यांदा आले नाहीत.

कारखान्यात मात्र त्यांचं कुणी वाकडं केलं नाही. आढाव कुणाचीही रविवारची पाळी आनंदानं करत आणि बदल्यात आपला दिवस मागून घेत, त्यामुळे घरी लग्नकार्य निघालेला प्रत्येक जण आधी त्यांना गाठायचा. त्यांचे सुपरवायझर हिंदुराव तेवढे विचारायचे, "काय आढाव, या महिन्यात रविवार कुठल्या बुधवारी?" आढाव गंभीरपणे तारखा सांगत आणि हिंदुराव गंभीरपणे लिहून घेत.

शास्त्रात साक्षीदार दोन सांगितले आहेत. एकट्यानं पाहिलेला चंद्र आढाव धरत नसत. जगात त्यांच्यासारखं पाळणारं दुसरं कोण होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते राहत त्या विश्रांतवाडीत तरी कोणी नव्हतं. तेव्हा दुसरी साक्षीदार बायकोच व्हायची. सरोजिनीबाईंना या पंचांगावर काडीचा विश्वास नव्हता. पण नवरा दर महिन्याला गच्चीवर एकटाच उभा राहणार हे त्यांना बघवत नव्हतं, म्हणून त्या पदर खोचून वर जात.

साक्ष नुसती तोंडी चालत नसे. पोरांच्या असतात तशा दोन पाट्या आढावांनी आणून ठेवल्या होत्या. सूर्य बुडाल्यावर दोघांनी पश्चिमेकडे, खडकीच्या बाजूला पाहायचं, आपापसात अवाक्षर बोलायचं नाही, आणि एकमेकांकडे पाठ करून पाटीवर कोर काढायची. पोट कुठल्या बाजूला, टोकं कुणीकडे, समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर किती बोटं. पाट्या जुळल्या की आढाव जुन्या बाजारातून आणलेला लष्करी बिगुल दोनदा फुंकत. पहिल्या वेळी शेजारीपाजारी धावत बाहेर आले होते. पुढे पुढे बिगुल झाला की बायका म्हणत, "चला, आढावांचा महिना लागला." सरोजिनीबाईंना सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग त्याचीही सवय झाली.

एकोणीस वर्षांत त्यांची नजर इतकी तयार झाली की होळीच्या सुमाराची होडीसारखी उताणी कोर आणि दसऱ्याच्या आधीची कललेली कोर त्या झोपेतही काढू शकल्या असत्या. वर्षापूर्वी आढाव निवृत्त झाले तेव्हापासून एक बदल झाला होता. ते एकच पाटी वर आणत आणि म्हणत, "आधी तू काढ." मग तिच्या पाटीकडे डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "बरोबर." सरोजिनीबाईंना वाटलं, म्हातारपणी कंटाळा करायला लागले. त्यांना ते बरंच वाटलं.

अशातच चौऱ्याऐंशी साली त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, विजयमालाचं, लग्न ठरलं. मुलगा खडकीचा, शाळेत शिक्षक. मुलाकडच्यांना जूनमधला दुसरा शनिवार हवा होता. सरोजिनीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, कारण सहा वर्षांपूर्वी आढावांचा सख्खा पुतण्या नगरला शब्बाथाच्या दिवशी बोहल्यावर चढला आणि हे गृहस्थ गेले नव्हते. दिवसभर नदीकाठी जाऊन बसले होते. दीर अजून पत्राला उत्तर देत नव्हता. शब्बाथाला गाडीत बसायचं नाही, चूल पेटवायची नाही, विकत काही घ्यायचं नाही, हे त्यांचे नियम, आणि त्यात पुतण्या, मुलगी असा भेद नव्हता.

पण आढावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, अमावस्या पाहिली आणि हिशेब मांडला. "बुधवारी अमावस्या. गुरुवारी संध्याकाळी कोर दिसणार. म्हणजे शुक्रवारी पहिला दिवस, पुढच्या शुक्रवारी शब्बाथ. शनिवार मोकळा. शनिवारच धरा." विजयमालानं त्यांना मिठी मारली. देवळात मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं ते बापानं, आणि ते काम मामावर जाईल या भीतीनं ती आठवडाभर नीट जेवली नव्हती.

मे महिन्याचा शेवटचा गुरुवार उजाडला आणि दुपारपासून पश्चिमेला ढगांची पट्टी धरली.

संध्याकाळी दोघं गच्चीवर गेले. शेजारच्या गच्चीवर दादामियाँ उभे होते. नाक्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दिवशी त्यांनाही चंद्र हवा होता, कारण दिसला तर उद्यापासून रमजानचे रोजे. वर्षातून एक-दोनदा दोन्ही गच्च्यांवर अशी एकाच वेळी गर्दी व्हायची. सूर्य बुडाला. पट्टी जागची हलली नाही. वर आकाश निवळ होतं, पण जिथं कोर असायला हवी तिथंच ती राखाडी रेघ बसली होती.

बराच वेळ गेला. "पाटी आणतो," म्हणून आढाव खाली उतरले. ते जिन्यात दिसेनासे झाल्याबरोबर सरोजिनीबाई कठड्याशी गेल्या.

"दादामियाँ, तुम्हाला दिसला का हो?"

"नाही वहिनी. आजचा चंद्र पाण्यातल्या केसाएवढा असतो. त्यात हे ढग."

"समजा, तुम्ही यांना सांगितलंत की दिसला, तर? पोरीचं लग्न आहे हो. आज दिसला नाही तर लग्नाच्या शनिवारी यांचा शब्बाथ येतो. हे यायचे नाहीत."

दादामियाँनी टोपी काढली, पुन्हा घातली. "वहिनी, दुसरं काहीही सांगा. मंडप उभारीन, टेबलं वाहीन. पण चंद्राची खोटी साक्ष नाही देता येत. एकानं खोटं सांगितलं तर सगळ्या मोहल्ल्याचे रोजे चुकतात. तुमच्या घरी एकच माणूस आहे म्हणून काय झालं?"

आढाव वर आले. एकच पाटी, एकच खडू. "आधी तू काढ."

सरोजिनीबाईंनी पाठ केली. काय काढायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टाकीच्या वर दोन बोटं, पोट खाली, किंचित कललेली. नवरा "बरोबर" म्हणेल, बिगुल वाजवेल आणि शनिवारी पोरीचा हात धरून उभा राहील. विश्वास तर त्यांचा या सगळ्यावर नव्हताच, मग पाप कसलं? त्यांनी खडू टेकवला. अर्धी कोर काढलीही. आणि मग त्यांना वाटलं, हा माणूस एकोणीस वर्षं आपल्याला हे विचारतोय ते आपण खरं सांगू म्हणूनच ना. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. त्यांनी पदरानं पाटी पुसली आणि कोरी पाटी त्यांच्या हातात दिली.

"नाही दिसला."

आढाव पाटी धरून उभे राहिले. "नक्की?"

"नक्की."

"बरं," ते म्हणाले. "मग शुक्रवारचा शनिवार झाला." आणि जिना चाचपत खाली गेले.

विजयमालाला कळायला वेळ लागला नाही. ती रडली नाही, फक्त आईला म्हणाली, "एक रेघ ओढायची होती, आई. एक रेघ." त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलली. सरोजिनीबाईंनी भावाला निरोप धाडला की सूट तयार ठेव. नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. एक तर उत्तर ठाऊक होतं, आणि दुसरं म्हणजे त्या रुसल्या होत्या. आढावही काही बोलले नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सूर्य बुडण्याआधी त्यांनी बायकोकडून चार दशम्या मात्र करून घेतल्या. शब्बाथाला ते शिळंच खात.

शनिवारी सकाळी दहाला सरोजिनीबाई आंब्याची डहाळी मागायला शेजारी गेल्या, परत आल्या तर आढाव घरात नव्हते. चपला नव्हत्या, डबा नव्हता. नदीकाठी जाऊन बसले असणार, नगरच्या लग्नाच्या वेळेसारखे. सरोजिनीबाईंच्या मनात आलं, निदान पोरगी निघेपर्यंत थांबायचं होतं, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. दुपारी टेम्पो आला, बायका बसल्या, आणि त्या खडकीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

देवळाच्या फाटकाशी टेम्पो थांबला. पायरीवर पांढऱ्या झब्ब्यातला एक माणूस बसला होता. पोटऱ्यांपर्यंत धूळ, मांडीवर डबा. टेम्पोतून पांढऱ्या साडीत कोणी उतरलं तसा तो उठला आणि अगदी जवळ येऊन डोळे बारीक करून म्हणाला, "कोण, विजू का?"

आढाव पायी आले होते. विश्रांतवाडीहून येरवड्यापर्यंत, तिथून होळकर पुलावरून, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या कडेनं कठडा धरून, खडकीपर्यंत. एक वाजल्यापासून पायरीवर बसून होते.

मामानं सुटाची बटणं काढली. विजयमाला बापाचा हात धरून आत गेली आणि अर्ध्या वाटेपर्यंत नुसती रडत होती. सरोजिनीबाई पहिल्या बाकावर बसून ते बघत होत्या, आणि त्यांना नवऱ्याला मिठी मारावी की चार शब्द सुनावावेत हे कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी सुनावलंच. "यायचं होतं तर सांगायला काय झालं होतं? आणि तुमच्या नियमाचं काय?"

"देवळात पायी यायला कुठं मनाई आहे?"

"मग तेव्हा पुतण्याच्या लग्नाला का नाही गेलात?"

"ते नगरला होतं. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाळी होती, आणि पायी तीन दिवस लागतात."

"हे तेव्हा कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

अंगणात पंगत बसली. बिर्याणीचा वास सुटला होता. एका टोकाच्या खुर्च्यांवर दोन माणसं न जेवता बसली होती. दादामियाँचा रोजा होता आणि आढावांचा शब्बाथ. दादामियाँ म्हणाले, "आढावसाहेब, तुमच्याकडे डबा आहे ना? खा की." आढाव म्हणाले, "रोजेदारासमोर डबा कसा उघडू?" सरोजिनीबाईंचा भाऊ वाढता वाढता पुटपुटला, "एका चंद्रानं दोन माणसं उपाशी ठेवली." पण तो हसत होता.

सूर्य बुडाला. दादामियाँनी खिशातून खजूर काढले आणि दोन आढावांच्या हातावर ठेवले. आढावांनी डबा उघडून दोन दशम्या त्यांना दिल्या. मग दादामियाँ नमाजाला गेले आणि सरोजिनीबाई त्यांच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"पुलावरून एकटे आलात," त्या म्हणाल्या. "पोरगी समोर उभी राहिली तरी ओळखली नाहीत. डोळ्यांना काय झालंय?"

आढावांनी डोळे चोळले. "मोतीबिंदू असणार. वर्ष झालं. त्या गुरुवारी मला दोन कोरी दिसल्या, सरोज. एकाशेजारी एक. अमावस्येलाही दिसतात, दिव्याकडे बघितलं तरी दिसतात."

"आणि ते 'बरोबर' म्हणायचात ते?"

"ते खोटं. तुझी पाटीही मला धड दिसत नव्हती. वर्षभर एकाच साक्षीवर महिने धरले. रोज वाटायचं की सांगावं, पण सांगितलं तर सगळंच थांबलं असतं. वरून धास्ती असायची, की तू कंटाळून काहीतरी काढत असशील." त्यांनी खजुराची बी रुमालात बांधली. "त्या दिवशी मी मनात म्हटलं, आज ती हो म्हणेल. लग्न आहे, आई आहे, हो म्हणेलच. तू नाही म्हणालीस. तेव्हा कळलं, मागचे सगळे महिनेही खरे होते."

सरोजिनीबाईंना पदरानं पुसलेली ती अर्धी कोर आठवली. सांगावं असं फार वाटलं. पण आजचा दिवस त्यांनी तसाच जाऊ दिला.

"सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," त्या म्हणाल्या. "रिक्षानं."

"सोमवार दहावा. चालेल."

"आणि ऑपरेशन होऊन पट्टी निघेपर्यंत दुसरा साक्षीदार कुठून आणणार?"

आढावांनी दादामियाँ गेले त्या दिशेकडे पाहिलं. "त्यांना विचारू. ते खोटं बोलणारे नाहीत."

"नाहीत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "ते मला चांगलं माहीत आहे." आणि डब्यातल्या उरलेल्या दोन दशम्यांतली एक त्यांच्या हातावर ठेवून दुसरी त्यांनी स्वतः मोडली.