टिकलीएवढे कंडेन्सर

घड्याळाच्या पोटातले टिकलीएवढे दोन कंडेन्सर उपटून मी तिथे चिंचोक्याएवढे बसवले, तेही कुणाला न विचारता. आणि घड्याळ मागे पडायला लागल्यावर माझ्याखेरीज सगळ्यांवर संशय घेतला. इतकी हुशार बाई तेव्हा भोरमध्ये दुसरी नसावी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या ह्यांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी वेल्ह्याच्या शाळेत नवी मास्तरीण, अजून कायम न झालेली. सकाळची पहिली एस.टी. चुकली की शाळेला उशीर ठरलेला. म्हणून ह्यांनी पुण्याहून सुटे भाग आणून माझ्यासाठी लाल आकड्यांचं घड्याळ जोडायला घेतलं. लाईट गेली की त्याचे आकडे विझत, पण आत सेलवर मोजणी चालू राही. लाईट आली की बरोबर वेळ दाखवत आकडे पुन्हा उगवत. निदान तसं व्हायला हवं होतं.

कंडेन्सर, म्हणजे वीज क्षणभर धरून ठेवणारे भाग, निवडायला हे ताट घेऊन बसले, तांदूळ निवडावेत तसे. एकेक भिंगाखाली धरायचा, वरचा आकडा वाचायचा, बाजूला टाकायचा. एवढं करून निवडले काय, तर ताटातले सगळ्यांत बारके दोन.

“एवढेसे?” मी म्हटलं.

“एवढेच लागतात.”

“दुकानदारानं गंडवलं तुम्हाला.”

“अगं, तू तव्यावरची पोळी बघ.”

ते पोळीचं मला झोंबलं. ह्यांच्या दुकानात बसून मी सोल्डरिंग शिकले होते, वाटलं काय ह्यांना! रेडिओ गुरगुरायला लागला की हे मोठा कंडेन्सर घालायचे आणि गुरगुर थांबायची, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे मोठा तोच चांगला. दुसऱ्या दिवशी हे गिऱ्हाइकाकडे गेले, तेव्हा मोडीतल्या रेडिओमधले दोन टपोरे काढले आणि बारक्यांच्या जागी ठोकून दिले. झाकण लावलं, स्क्रू पिळले. म्हटलं, आता जाऊ दे लाईट किती जायची ती.

घड्याळ चाललं. पण काही आठवड्यांनी रेडिओवर बातम्या सुरू झाल्या, तरी आमच्या घड्याळात त्यांना अवकाशच होता. मी बटण दाबून वेळ लावली. पुन्हा तेच. एकदम तासभर मागे गेलं असतं तर बिघाड म्हटलं असतं. हे चोरपावलांनी जायचं, रोज जरासं. एवढा बारीक कावा माणसाचाच, असं मी ठरवलं.

माणूस कोण, तर सासूबाई. दिवसभर घरात त्याच. मी निघताना “चाललीस व्हय?” म्हणायच्या, त्यात मला भलतंच ऐकू यायचं. सुनेची नोकरी सुटावी म्हणून, लाईट जाऊन आकडे विझले की ही बाई बटण दाबून घड्याळ मागं करत असणार!

मग मी घड्याळ बरोबर लावलं आणि बटणाला काजळ फासलं. संध्याकाळी घरी आले की पाण्याचा तांब्या घेताना सासूबाईंची बोटं निरखायची.

“काय बगतीस गं? अंगठी हरवली का काय तुजी?”

“न्हाई आत्याबाई, सहज.”

बोटं रोज स्वच्छ. म्हणजे चोर घाबरला, असा मी अर्थ लावला आणि घड्याळावर डोळे मिटून विसंबले. पुढं एस.टी. दिवसेंदिवस लवकर सुटायला लागली, तर त्याचा संशय कंडक्टरवर घेतला.

अशात शाळा तपासायला साहेब यायचे ठरले. ते माझा पाठ बघणार आणि त्यावर माझं कायम होणं ठरणार. त्या सकाळी लाल आकडे बघून मी निवांत निऱ्या मोडून पुन्हा घातल्या. स्टँडवर पोचले तर नुसता धुरळा.

“वेल्ह्याची?”

“गेली की बाई,” खिडकीतला माणूस म्हणाला. “येळेवर गेली.”

पुढच्या गाडीनं शाळेत पोचले, तेव्हा साहेब निघून गेले होते आणि मुख्याध्यापक माझ्या वर्गाकडून पाढे म्हणवून घेत होते. माझं कायम होणं वर्षभर लांबलं.

घरी येऊन मी उंबऱ्यातूनच तोंड सोडलं. “झालं ना मनासारखं, आत्याबाई? घड्याळ मागं करून करून घालवलीत माझी नोकरी!”

सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. ह्यांनी पेचकस आणला, झाकण काढलं आणि आत बघून माझ्याकडे बघितलं.

“हे टपोरे कुणी घातले?”

“बारक्यांपेक्षा बरे म्हणून...”

“अगं, रेडिओची गुरगुर वेगळी. इथं आत क्रिस्टलचा बारका खडा थरथरतो, त्यावर घड्याळ चालतं. त्याला पेलेल तेवढाच कंडेन्सर लावायचा. तू डोईजड लावलास, त्याची चाल मंदावली. रोज जराशी.”

आता सासूबाई माझी सालटी काढणार, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाल्या, “मला त्या घड्याळातला येक आकडा वाचाय येत न्हाई गं बये. म्हणून तर मास्तरीण बगून सून केली. आता रडत नगं बसू, कायम हो आदी.”