हेमाताईचा एकच फोटो

"मामा, आईचा एखादा फोटो आहे का रे तुझ्याकडे?" हेमाताई गेल्याचं सांगून झाल्यावर तिच्या मुलीने, वैशालीने, फोनवर पहिलं हेच विचारलं. हार घालायला घरात फोटोच नव्हता. माझी ही चुलत बहीण मनोरीची, बोरिवलीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. मोबाइल रोखला की पदर तोंडावर. "माझा कसला काढतोस? बोंबलाचा काढ, तो जास्त बरा दिसतो!"

घसा धरला तेव्हा तिने मला विचारलं. आमच्याकडे दुखलंखुपलं की आधी मलाच विचारतात. माझी पात्रता एवढीच, की माझं झेरॉक्सचं दुकान दवाखान्याला लागून आहे. "हळदमिठाच्या गुळण्या कर," मी ठणकावलं. तिने चार दिवस इमानाने केल्या. पाचव्या दिवशी गळा सुजला, घशात राखाडी पापुद्रा दिसला. डॉक्टर म्हणाले, घटसर्प. "तो तर लहान मुलांना होतो ना?" मी ज्ञान पाजळलं. त्यांनी ताईला तडक दाखल करून घेतलं.

घटसर्पाच्या जंतूंनी सोडलेल्या विषावरचं औषध सुरू झालं, घसा मोकळा झाला. हृदयाची सोनोग्राफी, टू-डी इको, पलंगापाशीच केली. चांगली आली. मशीनमधून निघालेली काळीपांढरी पट्टी ताईने निरखली. "हा फोटो झकास आला बघ. तोंडच नाही यात! मोठी झेरॉक्स काढून आण." पट्टी तिने माझ्या खिशात कोंबली. मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'हार्ट एकदम ओके.' डॉक्टर मात्र म्हणाले, "घाई करू नका. औषध उशिरा मिळालंय. हे विष हृदयात नंतर उतरतं. पुन्हा इको करू. तोवर तिला उठू द्यायचं नाही."

दुसऱ्या इकोत पडद्यावरचं हृदय हलत होतं, पण मध्येच आठवण झाल्यासारखं... झेरॉक्सवाल्यालाही कळलं. डॉक्टरांकडे आता दाखवण्यापुरतंच उरलं होतं, करण्यासारखं काही नाही.

"काय रे, झकास ना?"

"झकास."

"तुझ्या गुळण्यांसारखं?" ती हसली. तिसऱ्या दिवशी गेली.

वैशालीला मी फोटो नाही म्हणून सांगितलं. पट्टी दुकानाच्या खणात आहे. अशा कागदावरचं छापलेलं उडून जातं, वेळेत झेरॉक्स काढा, असं गिऱ्हाइकांना मी रोज बजावतो. पट्टीची एक कड पांढरी पडलीय. पण झेरॉक्स काढायची तर तिला काचेवर पालथी घालायची, आणि वरून झाकण लावायचं...


तेवढं हातून होत नाही.